तुतारीच्या मात्रा : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, यंदा नेहमीची निबंध-वक्तृत्वाची जत्रा नको असे कॉलेजात ठरले. मी संगणक शिकवतो, त्यामुळे माझ्या वाट्याला आले ते असे: एक आधुनिक कविता घ्यायची, तिचे वृत्त, यमक आणि पुनरुक्ती मोजायची, भित्तिपत्रक करायचे, आणि मोजणीतून जे कळेल त्यावर कवितेचे वाचन बसवायचे. मोजणी जमेल तेवढी पायथन या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमने. सोबत अकरावीतले तिघे: नेवऱ्याची एक मुलगी, गणपतीपुळ्याहून एसटीने येणारी दुसरी, आणि एका आंबा बागायतदाराचा मुलगा. मदतीला मास्तर. त्यांनी मला शाळेत मराठी शिकवले, आता निवृत्त आहेत, आणि ‘वेळ आहे रे भरपूर’ असे म्हणत कुणालाही वेळ देत नाहीत. मला दिला.

मुलांना मुक्तछंदातली कविता हवी होती. मास्तर म्हणाले, “जे मोजून लिहिलंय ते आधी मोजा. न मोजता लिहिलेलं मोजायला त्याहून जास्त कान लागतो.” म्हणून केशवसुत. ‘तुतारी’, १८९३. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, मालगुंडचे, आमच्याच तालुक्यातले. “सव्वाशे वर्षांपूर्वीची कविता आधुनिक कशी?” असे नेवऱ्याच्या मुलीने विचारले. मास्तरांनी उत्तर दिले नाही, पहिले कडवे म्हणून दाखवले:

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन जी मी स्वप्राणाने
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ ज्या तिच्या किंकाळीने
अशी तुतारी द्या मजलागुनि!

८ जानेवारी

आज कोड. मराठी अक्षर संगणकाला एक वस्तू म्हणून दिसत नाही. ‘द्या’ हे आपल्याला एक अक्षर, युनिकोडमध्ये ते चार तुकडे आहेत: द, हलन्ताचे चिन्ह, य आणि काना. आधी हे तुकडे जोडून अक्षरे करायची, मग प्रत्येकाला लघु की गुरु ते ठरवायचे. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचे माप. अ, इ, उ, ऋ लघु, एक मात्रा. बाकी स्वर गुरु, दोन मात्रा. अनुस्वार-विसर्ग आला की गुरु. पुढे जोडाक्षर असले की आधीचे अक्षर गुरु.

हा शेवटचा नियम संस्कृतात सरळ चालतो, मराठीत नाही. ‘विक्रम’ म्हणताना ‘वि’वर आघात येतो, ते गुरु. पण ‘तिच्या’ म्हणताना ‘ति’वर काही येत नाही, जीभ ‘च्या’कडे अलगद जाते. ‘पुढल्या’तला ‘ढ’ तसाच. म्हणून अपवादांची यादी: च्या, झ्या, ल्या, ळ्या, ण्या, शिवाय म्ह, न्ह, ल्ह, व्ह. आणि दोन शब्दांमध्ये आघात मोजायचा नाही. ‘दीर्घ ज्या’ यात ‘घ’ गुरु धरला तर ओळ सतरा मात्रांची होते, आणि ती सतराची नाही हे बोटांवर मोजणाऱ्यालाही कळते. उलट ‘स्वप्राणाने’ हा एकच शब्द, तिथे ‘स्व’ गुरु धरलाच पाहिजे, नाहीतर ओळ पंधरावर थांबते.

पहिल्या कडव्याच्या पाचही ओळी सोळा-सोळा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर कोडकडे न बघता म्हणाले, “पादाकुलक वृत्त. आठ आणि आठ. हे मी तुम्हाला चहा ओतेपर्यंत सांगितलं असतं.”

१२ जानेवारी

संबंध कविता मोठी आहे. भित्तिपत्रकासाठी पाच कडवी निवडली: ‘एक तुतारी’, ‘अवकाशाच्या’, ‘सारंगी ती’, ‘जुने जाउं द्या’ आणि ‘प्राप्तकाल हा’. पंचवीस ओळी. मजकूर गणपतीपुळ्याच्या मुलीने मोबाईलवर आलेल्या एका प्रतीतून उतरवून आणला होता. तो तसाच प्रोग्रॅमला दिला.

एकोणीस ओळी सोळाच्या. चार ओळी सतराच्या, दोन पंधराच्या.

मुलांना वाटले, कवीने सूट घेतली. मला वाटले, कोडमध्ये काहीतरी राहिले. मास्तरांनी त्या सहा ओळी मोठ्याने वाचल्या आणि कागद पेन्सिलीने रंगवला. ‘अवकाशाच्या ओसाडीतील’ असे उतरवले होते, हवे ‘ओसाडीतिल’. ‘होतील ते वाचाळ सत्वरी’चे ‘होतिल’. ‘कोण तुतारी ती मज देईल’चे ‘देइल’. ‘जुने जाऊ द्या’चे ‘जाउं’. या झाल्या सतराच्या चार. पंधराच्या दोन उलट्या: ‘फुंक मारिता जिला जबरी’ यात ‘जीला’ दीर्घ हवे, आणि ‘जाळुनि किंवा पुरुनि टाका’ यात ‘पुरुनी’ असे ओढल्याशिवाय पाऊल पुरे पडत नाही.

म्हणजे एकाच कडव्यात कवी ‘देइल’ला आखडून घेतो आणि ‘जीला’ला लांबवतो. लिहिण्याची रीत त्याने कानाच्या हाताखाली ठेवली आहे. ती प्रत ज्याने टाइप केली, त्याने सगळे शब्द शाळेत शिकवतात तसे शुद्ध केले, आणि सहा ठिकाणी कविता लंगडी केली. हे मुद्दाम केले असेल असे नाही, बोटांना सवय असते.

‘जाउं’ची गंमत निराळी. जुन्या छपाईत त्या ‘उ’वर अनुस्वार असतो, पण तो उच्चारायचा नाही. प्रोग्रॅम मात्र अनुस्वार दिसला की गुरु धरतो, आणि ओळ पुन्हा सतराची होते. थोडक्यात नवे ‘जाऊ’ लिहा की जुने ‘जाउं’, यंत्राच्या हिशेबी दोन्ही चूक. अनुच्चारित अनुस्वाराचा एक अपवाद घातला, मग पंचवीसच्या पंचवीस ओळी सोळाला आल्या.

१५ जानेवारी

मास्तरांनी मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांची पुस्तिका आणली. १९६२ साली चौदा नियम झाले, १९७२ साली आणखी चार जोडले गेले, एकूण अठरा. त्यातला एक नियम वाचून तिघेही एकमेकांकडे बघत राहिले. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळात असेल तसे छापावे, त्यानंतरचे या नियमांप्रमाणे. म्हणजे सीमारेषेवरचा दगड म्हणून ज्याचे नाव घातले, तो स्वतः नव्या नियमांच्या बाजूला पडतो. ‘जाउं’ मोडीत काढायला हा नियम पुरेसा आहे.

पण त्याच पुस्तिकेत हेही आहे की, वृत्त सांभाळताना ऱ्हस्वदीर्घाचे नियम काटेकोर पाळणे कवीला जमले नाही तर त्याला मोकळीक असावी. मुलांनी यावर चांगलाच वाद घातला. मोकळीक कवीला आहे, छापणाऱ्याला आहे का? मला विचाराल तर कवितेपुरता पहिला नियम दुसऱ्याच्या मागे उभा राहायला हवा. केशवसुतांच्या कवितेवरचे निरुपयोगी अनुस्वार काढले तर काही बिघडत नाही: ‘जुनें’चे ‘जुने’ झाले तरी मात्रा तीनच. पण ऱ्हस्वाचे दीर्घ केले की मात्रा वाढते, आणि ती पुढच्या शब्दाच्या खिशातून जाते.

आम्ही भित्तिपत्रकावर ‘जाउ’ छापणार. ऱ्हस्व, अनुस्वाराशिवाय.

१६ जानेवारी

बागायतदाराचा मुलगा उशिरा आला. सकाळपासून हवा ढगाळ, घरचे सगळे फवारणीच्या धावपळीत. त्याने आपणहून निवडलेल्या कडव्यांबाहेरची ओळ आणली: ‘मोहर सगळा गळुनि जातसे’. “सर, ही सोळाची आहे, मी मोजली. पण कवितेत तुडतुडा आहे की पाऊस ते काही लिहिलेलं नाही.”

२१ जानेवारी

आवर्तने, म्हणजे ओळीत पुन्हा पुन्हा येणारे ठरावीक मात्रांचे गट. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचना’ या वृत्तांवरच्या ग्रंथात आवर्तनांना मात्रांच्या संख्येवरून नावे आहेत: पाचाचे हर, सहाचे भृंग, सातांचे अग्नी, आठाचे पद्म. आपली कविता पद्मावर्तनी. प्रत्येक ओळीत दोन आवर्तने. पंचवीसपैकी बावीस ओळींत आठव्या मात्रेवर शब्दही संपतो, म्हणजे मध्यावर श्वास घ्यायला जागा आहे. तीन ओळींत शब्द मधोमध कापला जातो: ‘होतिल ते वा। चाळ सत्वरी’, ‘निजनामे त्यां। वरती नोंदा’, ‘बसुनी का वा। ढविता मेदा’. ‘त्यां वरती’ सुटे करून म्हणता येते, पण ‘वाचाळ’ आणि ‘वाढविता’ यांना तोडता येत नाही, तिथे न थांबता जावे लागते.

मग आणखी खाली उतरलो. आठाचे चार-चार होतात का? बहुतेक ओळींत होतात, आणि चालीला ठोका मिळतो: भेदुनि, टाकिन, सगळी, गगने. चार पावले, चारही सारखी. पण पाच ओळींत एक गुरु अक्षर चौथ्या-पाचव्या मात्रेवर आडवे पडते आणि ठोका त्याच्या पोटात जातो. ‘दीर्घ ज्या तिच्या’ मध्ये ‘ज्या’. ‘फुंक मारिता’ मध्ये ‘मा’. ‘चाळ सत्वरी’ मध्ये ‘सत्’. ‘जुने जाउं द्या’ मध्ये ‘जा’. ‘प्राप्तकाल हा’ मध्ये ‘का’.

नेवऱ्याची मुलगी उडालीच. किंकाळीची ओळ आणि फुंकेची ओळ, दोन्ही ठिकाणी ताल अडखळतो! कवीने मुद्दाम केलं! मी म्हटले, मग ‘प्राप्तकाल हा’ ला काय कारण? ती गप्प. मास्तर म्हणाले, “दोन ठिकाणी अर्थ जुळला म्हणून हरखू नका, तिसऱ्या ठिकाणी जुळत नाही म्हणून सोडूही नका. म्हणताना काय होतं ते बघा.” म्हणून पाहिले. पहिल्या कडव्यात तिसरी ओळ चार सरळ ठोक्यांत धावते, आणि चौथीत ‘ज्या’वर ठोका निसटतो. तो निसटल्याने ‘दीर्घ’ हा शब्द लांब वाटतो, मात्रा तीनच असताना. हे कानाला पटते. ‘प्राप्तकाल हा’ मध्ये तसे काही वाटत नाही, कारण कडव्याची ती पहिलीच ओळ, ठोका अजून बसलेलाच नाही. भित्तिपत्रकावर पहिल्या कडव्यापुरतेच लिहायचे ठरले.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर तिघे थांबले. यमक.

पाचही कडव्यांत रचना एकच: पहिली आणि पाचवी ओळ एका यमकात, मधल्या तीन दुसऱ्या. आणुनि, मजलागुनि, मध्ये प्राणाने, गगने, किंकाळीने. भूधर, चला तर. मध्ये खोदा, नोंदा, मेदा. हे कुणालाही दिसते. गणपतीपुळ्याची मुलगी फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा मांडत होती, तिला त्यापुढचे दिसले. मधल्या तिन्ही ओळी प्रत्येक वेळी गुरूवर संपतात: ने, री, जा, का, दा. पहिली आणि पाचवी प्रत्येक वेळी दोन लघूंवर: णुनि, तिल, इल, दर, त्वर, वुनि, धर, तर. पाच कडव्यांत एकही अपवाद नाही.

म्हणजे हे नुसते जुळवलेले ध्वनी नाहीत. मधल्या तीन ओळींचा शेवट उघडा आहे, स्वर हवा तेवढा ओढता येतो. बाहेरच्या दोन ओळींचा शेवट तुटक, ओढायला जागाच नाही. तीन वेळा उघडायचे आणि पाचव्या ओळीला मिटायचे. माझ्या मते ‘तुतारी’चे सगळे बळ या पाचव्या ओळीत आहे. यमक तीन ओळी लांब ठेवलेले, त्यामुळे ते येईल की नाही याची वाट बघावी लागते, आणि आले की ते एका झटक्यात येते. चरणाची लांबी सगळीकडे सारखी, तरी पाचवी ओळ आखूड वाटते ती यामुळे.

यात एक अडचण आहे. आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा अ गिळतो. ‘सुंदर’ म्हणताना ‘दर्’ असे एकच बंद अक्षर होते. दोन लघूंच्या जागी एक गुरु, मात्रा दोनच राहतात, शेवट मिटलेलाच राहतो, काही बिघडत नाही. ‘भूधर’, ‘सत्वर’, ‘देइल’ ही कडवी म्हणून सुरक्षित. धोका ‘नि’ला. मराठी तोंडाला शेवटचा इ ऱ्हस्व ठेवताच येत नाही, ‘आणुनि’चे ‘आणुनी’ होते. सतरावी मात्रा तर येतेच, शिवाय पहिली ओळही उघडी पडते, आणि उघड्या-मिटल्याचा फरक पुसला जातो. सगळ्यांना पाठ असलेले कडवे नेमके तेच.

२९ जानेवारी

बाजा, माझ्या, काजा. हे यमक मला खटकते. ‘बाजा’, ‘काजा’ यांचा ज दाताजवळचा, ‘माझ्या’तला झ टाळूचा, वर य. मास्तरांना विचारले तर म्हणाले, “खटकू दे की. सारंगी, सतार, वीणा, अलगुज ही सगळी गोड वाद्यं तो नाकारतोय. तिथं गोड यमक कशाला हवं?” हे समर्थन मला जरा सोयीचे वाटते. कवीला सोळा मात्रांत बसणारे यमक हवे होते, जे मिळाले ते घेतले, एवढेच. भित्तिपत्रकावर ‘सैल यमक’ असे लिहिले. मास्तरांनी सही केली नाही, खोडलेही नाही.

३ फेब्रुवारी

पुनरुक्ती. मुलांनी आधी शब्दांची वारंवारता काढली, भरघोस तक्ता झाला, उपयोग शून्य. कवितेत ‘ती’ किती वेळा आला याला काय करायचे? मग निवडलेली कडवी बाजूला ठेवून मूळ कवितेची पहिली चार कडवी क्रमाने घेतली, आणि फक्त ‘तुतारी’ हा शब्द त्यांत कुठे येतो ते मांडले.

पहिल्या कडव्यात दोनदा, पहिल्या आणि पाचव्या ओळीत. दुसऱ्या कडव्यात पाचव्या ओळीत: ‘कोण तुतारी ती मज देइल?’ तिसऱ्यात पाचव्या ओळीत: ‘एक तुतारी द्या तर सत्वर’. चौथ्यात पुन्हा पाचव्या ओळीत: ‘तुतारिने ह्या सावध व्हा तर!’

अगदी पहिली ओळ सोडली तर सगळे त्या पाचव्या ओळीतच. ध्रुवपद म्हणावे तर नाही, कारण ओळ कधीच जशीच्या तशी परत येत नाही. शब्द तोच आणि जागा तीच, भोवतालचे वाक्य दर वेळी वेगळे. आधी मागणी, मग ‘कोण देईल’ असा प्रश्न, मग ‘सत्वर’ म्हणजे उतावीळ. आणि चौथ्या कडव्यात ‘तुतारिने ह्या’. बागायतदाराचा मुलगा म्हणाला, “ह्या म्हणजे? ती मिळाली कधी?” कुठेच सांगितलेले नाही. तीन कडवी मागणारा माणूस चौथ्या कडव्यात ती हातात धरून उभा आहे, आणि ती त्याला दिली कुणी हे कवितेला महत्त्वाचे वाटत नाही. मागता मागता तो फुंकायलाच लागलेला. हे वर्गात मला कुणी दाखवले नव्हते. पुनरुक्तीची जागा मांडली म्हणून दिसले. (‘तुतारिने’तला रि ऱ्हस्व, हेही आहेच. नाहीतर सतरा.)

८ फेब्रुवारी, मालगुंड

रविवारची शाळा. केशवसुतांचे स्मारक गणपतीपुळ्याच्या पुढे लगेचच. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारले, १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झाले. ज्यांच्या वाढदिवशी आपला कार्यक्रम आहे तेच. कौलारू घर, ओटी, माजघर. मुलांनी फोटो काढले, मी वहीत फारसे काही लिहिले नाही. कवी इथे जन्मला १८६६ साली, मेला १९०५ साली हुबळीला, प्लेगात. चाळिशीही झाली नव्हती.

दुपारी जेवायला आत्याकडे. गावातच राहते. काय चाललंय म्हणून तिने विचारले, आणि मुलांनी तिला ‘तुतारी’ऐवजी ‘झपूर्झा’ म्हणून दाखवली, कारण ती त्यांना फुगडीसारखी वाटते. हेही १८९३चेच. तिथल्या तिथे मोजायला घेतली:

हर्षखेद ते मावळले,
हास्य निमाले,
अश्रु पळाले;
कण्टकशल्ये बोथटली,
मखमालीची लव वठली;
काही न दिसे दृष्टीला
प्रकाश गेला,
तिमिर हरपला;
काय म्हणावे या स्थितिला?
झपूर्झा! गडे झपूर्झा!

चौदा, आठ, आठ, चौदा, चौदा, चौदा, आठ, आठ, चौदा. इथेही पद्मच, पण ओळी लहानमोठ्या. चौदाची ओळ म्हणजे आठ आणि सहा, आणि उरलेल्या दोन मात्रा गप्प राहायच्या. आठाच्या ओळीला गप्प राहायला जागा नाही, म्हणून ‘हास्य निमाले, अश्रु पळाले’ एका श्वासात पळते. यमकही ‘तुतारी’सारखे परतून येत नाही. ले-ले-ले, ली-ली, ला-ला-ला-ला असे पुढेच जात राहते, आणि शेवटी ‘झपूर्झा’ कुणाशीच जुळत नाही.

शेवटची ओळ तेराची निघाली. ‘झपूर्झा गडे’ आठ, ‘झपूर्झा’ पाच. सहाच्या जागी पाच! नेवऱ्याच्या मुलीला वाटले, पुन्हा प्रतीत घोटाळा. पण इथे आखडायला किंवा ताणायला काही नाहीच, शब्दच तेवढा आहे.

आत्याला सगळी गंमत वाटत होती. गुडघे धरलेत म्हणून उठली नाही, बसल्या बसल्या मांडीवर ताल धरला आणि मुलींना फुगडी घालायला लावली. ‘झपूर्झा’ हे ‘जा पोरी जा’ भराभर म्हणताना झाले असे सांगतात. तिला ते सांगितल्यावर तिने आधी ‘जा पोरी जा’ सावकाश म्हटले, आठ मात्रा, सगळ्या गुरु, मग वेग वाढवत नेला. आठाचे पाच कसे होतात ते समोर ऐकू आले. मग तिने ओळ म्हटली: “झपूर्झा गडे झपूर्झाऽ”, आणि ‘र्झा’ हलकेच ओढला. मी विचारले, आत्या, तिथं ओढलंस का? “नाही ओढलं तर गिरकी तुटते, बाबू. आणि लांब ओढलं तर पोरी पडतील.” एक मात्रा ओढली तर सहा, बरोबर चौदाच्या ओळीएवढी. पुढच्या दोन मात्रांत तिने तोंडाने ‘फू’ असा पकवा घातला.

वहीत तेरा लिहिले, कंसात चौदा.

१४ फेब्रुवारी

आज वाद झाला. ‘झपूर्झा’ भित्तिपत्रकावर घ्यायची की नाही. मुलींना हवी, मला नको: जागा कमी, आणि ‘तुतारी’चा मुद्दा पातळ होतो. शेवटी एक चौकट दिली, फक्त लघु-गुरूच्या खुणा आणि मात्रा. दोन कविता, एकच वर्ष, एकच आवर्तन. एकीत सगळ्या ओळी सारख्या आणि यमक मागे वळणारे, दुसरीत ओळी असमान आणि यमक पुढे पळणारे. एक लोकांना उद्देशून आहे, एक स्वतःतच हरवलेली. यापुढे काही लिहायचे नाही, बघणाऱ्याने बघावे.

२० फेब्रुवारी

वाचनाची तालीम. ‘आणुनी’ काही जात नाही. तिघेही लहानपणापासून तसेच म्हणत आलेले. मास्तरांनी उपाय काढला: ‘आणुनि’वर थांबायचेच नाही, ‘फुंकिन’चा फु लगेच घ्यायचा. ‘आणुनिफुंकिन’. ऱ्हस्व आपोआप राहतो, कारण इ आता शब्दाच्या शेवटी नाहीच. अर्थही जुळतो, ‘आणुनि’ला तसाही विराम नाही. पाचव्या ओळीला ही युक्ती चालत नाही, पुढे काही नसते. तिथे ‘लागु’वर जोर द्यायला सांगितले आणि ‘नि’ सोडून द्यायचा. बागायतदाराच्या मुलाला जमले. नेवऱ्याची मुलगी अजून ओढते.

मधल्या तीन ओळींना उलट सूचना: शेवटचा स्वर ओढा. पण ‘ने’ तिन्हींत सारखा ओढला की वर्गातल्या पाढ्यासारखे होते. म्हणून पहिला थोडा, दुसरा अधिक, तिसरा सर्वात जास्त, मग पाचवी ओळ एकदम. हे आवडले. मास्तर म्हणाले, “आता कविता वाजतेय.”

२७ फेब्रुवारी

झाले. वाचन चांगले झाले, माईक मध्येच गेला तेव्हा तर जास्तच चांगले. भित्तिपत्रकापाशी गर्दी ‘झपूर्झा’च्या चौकटीला.

एका पाहुण्यांनी जाता जाता मला बाजूला घेतले: भाषादिनाच्या फलकावर ‘जाउ’, ‘देइल’, ‘होतिल’ अशा शुद्धलेखनाच्या चुका बऱ्या दिसत नाहीत. मी काही बोलायच्या आत गणपतीपुळ्याची मुलगी पुढे झाली आणि त्यांना बोटांवर मात्रा मोजायला लावल्या. ‘जाऊ’ने सतरा, ‘जाउ’ने सोळा. त्यांनी दोनदा मोजले. मग म्हणाले, “तरी खाली एक टीप हवी होती.” हे खरे आहे. संध्याकाळी टीप चिकटवली.

२ मार्च

प्रोग्रॅमची फाईल कॉलेजच्या संगणकावर ठेवली. मुलांना पुढचे काम हवे आहे. ‘मयूरासन आणि ताजमहाल’, १८९२, मराठीतले पहिले सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता. ते शार्दूलविक्रीडितात आहे, म्हणजे अक्षरगणवृत्त: ओळीला एकोणीस अक्षरे, गण (लघु-गुरूंचा ठरलेला तीन अक्षरी गट) म स ज स त त आणि शेवटी ग, म्हणजे एक गुरु, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. इथे एका गुरूच्या जागी दोन लघु चालत नाहीत, त्यामुळे एकूण बेरीज बरोबर येऊन उपयोग नाही, प्रत्येक अक्षर आपल्या जागी लागते. च्या-झ्याच्या अपवादांची यादी मात्रावृत्तात ढिली चालली, इथे चालणार नाही. मास्तरांनी रविवारी बोलावले आहे. पहिल्या चार ओळी आधी हाताने मोजायच्या, मग यंत्राला द्यायच्या.